आर्मेनियन वंशसंहाराला अधिकृत मान्यता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २४ एप्रिल जवळ आला की या विषयावरचे प्रश्न वाढतात. काही स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांचे असतात, काही कुठल्यातरी संसदेच्या ठरावाची बातमी वाचून गोंधळलेल्यांचे, तर काही रागाने विचारलेले असतात. सोप्यापासून अवघडाकडे असा त्यांचा क्रम लावला आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

१. १९१५ मध्ये नेमकं काय घडलं?

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाआधीचं तुर्की साम्राज्य, जर्मनीच्या बाजूने लढत होतं. सत्ता 'एकता आणि प्रगती समिती' या पक्षाच्या हातात होती आणि पक्षाचं नेतृत्व तलात, एन्व्हर आणि जमाल या तीन पाशांकडे. १९१५ च्या सुरुवातीला सारिकामिशच्या लढाईत रशियाकडून जबर पराभव झाला आणि त्याचं खापर साम्राज्यातल्या आर्मेनियन ख्रिस्ती प्रजेवर फोडलं गेलं. सैन्यातल्या आर्मेनियन शिपायांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना मजुरांच्या तुकड्यांत टाकलं. त्यातले बहुतेक पुढे मारले गेले.

२४ एप्रिलच्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, अडीचशेच्या आसपास आर्मेनियन लेखक, पत्रकार, डॉक्टर, वकील आणि धर्मगुरूंना घरांतून उचललं. त्यातले फार थोडे परतले. म्हणून हा दिवस स्मृतिदिन. २७ मे रोजी हद्दपारीचा कायदा झाला. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, गावागावांत आधी पुरुष वेगळे काढून गावाबाहेर मारले. बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांचे तांडे सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलले. वाटेत उपासमार, साथीचे रोग, लूट आणि बलात्कार. 'विशेष संघटना' नावाच्या सरकारी टोळ्यांनी आणि काही कुर्द टोळ्यांनी तांड्यांवर हल्ले केले. असंख्य मुली आणि लहान मुलं पळवून, धर्म बदलून इतर घरांत वाढवली गेली. जे सीरियाच्या वाळवंटातल्या देर-अझ-झोरपर्यंत जिवंत पोहोचले, त्यांची १९१६ मध्ये पुन्हा कत्तल झाली.

२. बळी किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंदाज आहेत. आर्मेनिया पंधरा लाख म्हणतो, तुर्कस्तान बराच कमी आकडा धरतो. युद्धाआधी साम्राज्यात आर्मेनियन लोक किती होते यावरच एकमत नसल्यामुळे बळींचे आकडेही हलतात.

मला सर्वांत बोलकी वाटते ती खुद्द तलात पाशाची नोंदवही. हा त्या काळचा गृहमंत्री. त्याच्या कुटुंबाकडे राहिलेले हे कागद २००८ मध्ये तुर्कस्तानातच छापून आले. त्यात १९१४ ची आर्मेनियन लोकसंख्या सुमारे १२ लाख ५६ हजार दिली आहे आणि १९१७ ची २ लाख ८४ हजार. उरलेले साडेनऊ लाखांहून अधिक सगळेच मेले असं त्यावरून म्हणता येत नाही, कारण काही देशाबाहेर निसटले होते. पण हा हिशेब शत्रूने मांडलेला नाही.

३. मराठीत कोणता शब्द वापरावा: हत्याकांड, नरसंहार की वंशसंहार?

वंशसंहार. आपल्या वर्तमानपत्रांत 'नरसंहार' सर्रास लिहितात, पण त्याचा अर्थ नुसता 'खूप माणसं मारणं' असा होतो. सगळा वाद ज्यावर आहे तो शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये घडवला. 'वंश' आणि 'वध' या अर्थांची एक ग्रीक आणि एक लॅटिन शब्दखूण त्याने जोडली. माणसं मारली जाण्यापलीकडे, एक समूह म्हणून त्यांना पुसून टाकण्याचा हेतू असणं हे त्याचं मर्म. तुर्कस्तानही माणसं मेल्याचं नाकारत नाही. तो हेतू नाकारतो. म्हणून मराठीत सैल शब्द वापरला की वादाचा मुद्दाच हातातून निसटतो.

आर्मेनियन लोक स्वतः 'मेड्स येगेर्न' असा शब्द वापरतात. त्याचा अर्थ महाआपत्ती किंवा महाअपराध. हा शब्द पुढे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना पळवाट म्हणून कसा कामी आला ते प्रश्न ६ मध्ये आहे.

४. 'अधिकृत मान्यता' म्हणजे काय? ती कोण देतं?

बातम्यांत सगळंच 'मान्यता' या एका शब्दाखाली येतं, पण त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. संसद कायदा करू शकते, जसा फ्रान्सने २९ जानेवारी २००१ रोजी केला. तो कायदा एका वाक्याचा आहे: १९१५ चा आर्मेनियन वंशसंहार फ्रान्स जाहीरपणे मान्य करतो. गुन्हेगार कोण, याचा त्यात उल्लेखही नाही. संसद नुसता ठरावही करू शकते, जो सरकारवर बंधनकारक नसतो. किंवा राष्ट्रप्रमुख निवेदनात तो शब्द उच्चारतो. सर्वांत जास्त वजन असतं ते सरकार आणि संसद दोघांचं म्हणणं एक असतं तेव्हा.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने किंवा सुरक्षा परिषदेने असा ठराव केलेला नाही. त्यांच्या एका उपआयोगासमोर १९८५ मध्ये बेंजामिन व्हिटेकर यांनी मांडलेल्या अहवालात वंशसंहारांच्या उदाहरणांत आर्मेनियनांचा उल्लेख होता. 'यूएनने मान्यता दिली आहे' असं कुणी म्हटलं, तर त्याचा आधार बहुधा हाच असतो, आणि तो तेवढा भक्कम नाही.

५. आतापर्यंत कोणकोणत्या देशांनी मान्यता दिली आहे?

तीसहून अधिक. पहिला उरुग्वे, १९६५ मध्ये. त्याच वर्षी २४ एप्रिलला आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. सोव्हिएत राजवटीत परवानगीशिवाय एवढी गर्दी जमणं ही फार मोठी गोष्ट होती. दोन वर्षांनी तिथे त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर स्मारक उभं राहिलं. युरोपीय संसदेचा ठराव १९८७ चा. मग रशियाचं कनिष्ठ सभागृह दूमा १९९५, लेबनॉन २०००, फ्रान्स २००१, कॅनडाचं कनिष्ठ सभागृह २००४, पोलंड २००५, जर्मनी २०१६, अमेरिका २०१९ ते २०२१ आणि सीरिया २०२०. स्वीडनमध्ये २०१० साली ठराव १३१ विरुद्ध १३० असा एका मताने मंजूर झाला, तोही सरकारचा विरोध असताना. पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०१५ मध्ये व्हॅटिकनमधल्या प्रार्थनासभेत हा शब्द उच्चारला आणि तुर्कस्तानने आपला राजदूत माघारी बोलावला.

ब्रिटन या यादीत नाही, ही गोष्ट मला खटकते. मे १९१५ मध्ये रशिया आणि फ्रान्ससोबत ऑटोमन सरकारला 'मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यां'बद्दल जबाबदार धरू असा इशारा देणारा देश तोच. १९१६ मध्ये साक्षीपुराव्यांचा जाडजूड सरकारी अहवाल छापणाराही तोच.

६. अमेरिकेला इतकी वर्षं का लागली?

पुरावा नव्हता म्हणून नव्हे. कॉन्स्टँटिनोपलमधले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी १९१५ च्या उन्हाळ्यातच वॉशिंग्टनला तारा पाठवून कळवलं होतं की एका वंशाला संपवण्याची मोहीम सुरू आहे. खारपूतचे अमेरिकी वाणिज्यदूत लेस्ली डेव्हिस यांनी जवळच्या तलावाकाठी पडलेली हजारो प्रेतं स्वतः घोड्यावरून फिरून पाहिली आणि लिहून ठेवली. अमेरिकेत अनाथ आर्मेनियन मुलांसाठी घरोघरी वर्गणी गोळा होत होती.

अडचण नंतर आली. शीतयुद्धात तुर्कस्तान नाटोचा सदस्य झाला आणि तिथल्या इंचिर्लिकला अमेरिकी हवाई तळ आला. रेगन यांनी १९८१ मध्ये ज्यूंच्या संहाराविषयीच्या एका घोषणेत आर्मेनियन वंशसंहाराचा ओझरता उल्लेख केला, पण पुढची चाळीस वर्षं जवळजवळ प्रत्येक सरकारने तो शब्द टाळला. २००० मध्ये ठराव मतदानाच्या उंबरठ्यावर असताना क्लिंटन यांच्या पत्रामुळे तो मागे घेतला गेला. २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र समितीत तो २७ विरुद्ध २१ ने मंजूर झाला. तेव्हा संरक्षणमंत्री गेट्स यांनी सांगितलं की इराकला विमानाने जाणारा जवळपास ७० टक्के माल तुर्कस्तानमार्गे जातो. आठ माजी परराष्ट्रमंत्र्यांनी विरोधाचं पत्र लिहिलं आणि पूर्ण सभागृहात मतदान झालंच नाही. आर्मेनियातले अमेरिकी राजदूत जॉन इव्हान्स यांनी २००५ मध्ये जाहीर भाषणांत 'वंशसंहार' म्हटलं, तर त्यांना शब्द फिरवायला लावून पुढच्या वर्षी पदावरून दूर केलं. ओबामा यांनी २००८ च्या प्रचारात स्पष्ट वचन दिलं होतं. आठही वर्षं २४ एप्रिलला त्यांनी 'मेड्स येगेर्न' म्हटलं. आर्मेनियन माणसाच्याच भाषेतला शब्द वापरून त्याला हवा तो शब्द नाकारायचा, यातली वेदना अमेरिकेतल्या आर्मेनियन कुटुंबांनी आठ वेळा सोसली.

मग ऑक्टोबर २०१९ उजाडला. तुर्की सैन्य उत्तर सीरियात घुसलं, अमेरिकेचे सहकारी असलेल्या कुर्द लढवय्यांवर हल्ले झाले आणि काँग्रेस संतापली. २९ ऑक्टोबरला, म्हणजे तुर्कस्तानच्या प्रजासत्ताक दिनी, प्रतिनिधिगृहाने ४०५ विरुद्ध ११ मतांनी ठराव केला. १२ डिसेंबरला सिनेटने एकमताने. ट्रम्प सरकारने मात्र आपली भूमिका बदलली नसल्याचं सांगितलं. २४ एप्रिल २०२१ रोजी बायडेन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक संदेशात तो शब्द लिहिला. २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या संदेशात पुन्हा 'मेड्स येगेर्न' आलं. संसदेचा ठराव कायम राहतो, पण राष्ट्राध्यक्षाचा शब्द पुढचा राष्ट्राध्यक्ष उच्चारेलच असं नाही, हे यावरून दिसतं.

७. तुर्कस्तानचं म्हणणं नेमकं काय आहे? ते कधी धड मांडलं जात नाही.

तक्रार रास्त आहे, म्हणून नीट मांडतो. एक, काही आर्मेनियन क्रांतिकारक गटांनी रशियाला साथ दिली, एप्रिल १९१५ मध्ये पूर्वेकडच्या व्हान शहरात उठाव झाला, त्यामुळे आघाडीमागचा प्रदेश सुरक्षित करण्यासाठी स्थलांतर हा लष्करी निर्णय होता. दोन, मृत्यू मुख्यतः भूक, टायफस आणि लुटारूंमुळे झाले; सरकारने संरक्षणाचे आदेश दिले होते आणि काही अधिकाऱ्यांना शिक्षाही केल्या. तीन, त्याच काळात लाखो मुसलमानही मेले, काही आर्मेनियन टोळ्यांच्या हातून. चार, 'वंशसंहार' ही कायद्यातली संज्ञा आहे, ती न्यायालयानेच लावावी, संसदांनी नाही.

यात खऱ्या गोष्टी आहेत. व्हानची लढाई झाली. मुसलमान गावांवर अत्याचार झाले आणि त्या मृतांचंही दुःख खरं आहे. पण या युक्तिवादाने काही गोष्टींचा उलगडा होत नाही. आघाडीपासून शेकडो मैल दूर, पश्चिमेकडच्या अंकारा आणि बुर्सामधून आर्मेनियन का हलवले? तान्ही मुलं आणि म्हाताऱ्या कोणत्या उठावात सामील होत्या? नेलं ते वाळवंटात का, आणि तिथे पोहोचलेल्यांना पुन्हा का मारलं? शिवाय १९१९-२० मध्ये इस्तंबूलमध्ये ऑटोमन लष्करी न्यायालयांनीच खटले चालवले आणि तिन्ही पाशांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. वंशसंहाराचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये एकमताने ठराव करून हा वंशसंहारच असल्याचं म्हटलं. अभ्यासकांच्या जगात हा प्रश्न बहुतांशी मिटलेला आहे. मिटलेला नाही तो सरकारांच्या जगात.

८. मग इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमायला काय हरकत आहे?

तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी २००५ मध्ये आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्ष कोचारियान यांना पत्र लिहून हेच सुचवलं. ऑक्टोबर २००९ मध्ये झ्युरिकला दोन्ही देशांनी सह्या केलेल्या करारांतही इतिहासविषयक उपसमितीची तरतूद होती. ते करार कुठल्याच संसदेत मंजूर झाले नाहीत आणि २०१८ मध्ये आर्मेनियाने ते रद्दबातल ठरवले.

हरकत अशी की, ज्या देशात १९१५ ला वंशसंहार म्हटल्याबद्दल खटले भरले जात (प्रश्न २०), तिथले इतिहासकार त्या आयोगात मोकळेपणाने बोलतील कसे? आणि 'आयोग बसतो आहे, तोवर थांबा' असं सांगून दुसऱ्या देशांचे ठराव अडवता येतात. दप्तरं खुली करणं आणि संशोधन करणं चांगलंच आहे. आयोगाच्या नावाखाली वाट बघायला लावणं वेगळं.

९. ब्रिटिशांनी माल्टात नेलेले आरोपी निर्दोष सुटले, मग गुन्हा कुठे सिद्ध झाला?

ते निर्दोष सुटले नाहीत, त्यांच्यावर खटलाच चालला नाही. युद्धानंतर ब्रिटिशांनी शंभराहून अधिक तुर्की अधिकारी आणि नेत्यांना माल्टा बेटावर अडकवून ठेवलं. १९२१ मध्ये तुर्की राष्ट्रवादी नेते मुस्तफा कमाल यांच्या ताब्यातल्या ब्रिटिश कैद्यांच्या बदल्यात त्यांना सोडलं. ती कैद्यांची अदलाबदल होती. तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोझान शांतता करारासोबत माफीची घोषणाही झाली आणि आर्मेनियनांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय टेबलावरून उचलला गेला.

१०. १९४४ चा शब्द १९१५ ला कसा लावता येईल?

शब्द नंतर आला म्हणून घटना बदलत नाही. उलट शब्द घडवण्यामागच्या कारणांतच ही घटना आहे. १९२१ मध्ये बर्लिनमध्ये सोगोमोन तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने तलात पाशाला गोळी घातली आणि जर्मन ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. तेव्हा विद्यार्थी असलेल्या लेमकिनला प्रश्न पडला की एका माणसाला मारणं गुन्हा आणि लाखोंना मारणं गुन्हा नाही, हे कसं? १९४९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीतही त्यांनी आर्मेनियनांचं नाव घेतलं.

शब्द लावणं आणि त्याखाली खटला भरणं यात मात्र फरक आहे. तो पुढच्या उत्तरात.

११. मान्यता मिळाली तर तुर्कस्तानला जमीन किंवा नुकसानभरपाई द्यावी लागेल का?

आपोआप काहीच होत नाही. १९४८ चा वंशसंहारविरोधी करार मागच्या घटनांना कायदेशीर दाव्यांसाठी लागू होत नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इंटरनॅशनल सेंटर फॉर ट्रान्झिशनल जस्टिस' या संस्थेने तुर्क-आर्मेनियन समेट आयोगासाठी कायदेशीर विश्लेषण केलं. निष्कर्ष दुहेरी होता: या कराराखाली १९१५ बद्दल दावे करता येत नाहीत, पण घटनांमध्ये वंशसंहाराचे सर्व घटक आढळतात आणि तो शब्द वापरणं योग्य आहे. दोन्ही बाजू या अहवालातलं आपल्या सोयीचं अर्धंच वाक्य सांगतात.

तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा १९२१ च्या कार्स तहाने ठरली आहे आणि कुठल्याही देशाच्या ठरावाने ती हलत नाही. भरपाईच्या बाबतीत थोडंफार यश मिळालं ते खासगी विमा कंपन्यांकडून. मारल्या गेलेल्या आर्मेनियनांच्या आयुर्विम्याचे पैसे न दिल्याबद्दल न्यूयॉर्क लाइफने २००४ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड केली. पण विम्याच्या दाव्यांची मुदत वाढवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकी अपील न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला. परराष्ट्र धोरण हा राज्याचा अधिकार नाही, असं कारण दिलं. म्हणजे वॉशिंग्टनने शब्द टाळल्याचा परिणाम वारसांच्या पैशांवरही झाला.

१२. जर्मनीच्या ठरावाचा एवढा गाजावाजा का झाला?

कारण जर्मनी त्या युद्धात ऑटोमन सरकारचा मित्र होता आणि जर्मन अधिकाऱ्यांना सगळं दिसत होतं. बर्लिनपर्यंत अहवाल जात होते, तरी युद्धातला मित्र दुखावू नये म्हणून गप्प राहिले. २ जून २०१६ रोजी बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, केलेल्या ठरावात या सहअपराधाची कबुली आहे. विरोधात फक्त एक मत पडलं, एक सदस्य तटस्थ राहिला. चॅन्सलर मर्केल मतदानाला हजर नव्हत्या.

तुर्कस्तानने राजदूत परत बोलावला आणि जर्मन खासदारांना इंचिर्लिक तळावरच्या आपल्याच सैनिकांना भेटू देणं बंद केलं. सप्टेंबरमध्ये जर्मन सरकारच्या प्रवक्त्याने ठराव कायद्याने बंधनकारक नसल्याचं सांगितलं आणि भेटींना परवानगी मिळाली. एर्दोआन यांनी तेव्हा 'आधी नामिबियाचं बघा' असं सुनावलं होतं. नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांचा १९०४ ते १९०८ मधला संहार जर्मन सरकारने २०२१ मध्ये वंशसंहार म्हणून मान्य केला. टोमणा रागाने मारलेला असला, तरी त्यातला मुद्दा खरा होता.

१३. वंशसंहार नाकारणं हा गुन्हा ठरवावा का?

मला वाटतं, नाही. फ्रान्सने प्रयत्न केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या तिथल्या घटनापरिषदेने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. स्वित्झर्लंडने दोउ पेरिन्चेक या तुर्की राजकारण्याला 'आर्मेनियन वंशसंहार हे आंतरराष्ट्रीय खोटं आहे' म्हटल्याबद्दल २००७ मध्ये दोषी ठरवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १० विरुद्ध ७ अशा निकालात ती शिक्षा अयोग्य ठरवली.

या निकालाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. 'युरोपच्या कोर्टाने वंशसंहार झाला नाही असं सांगितलं' असे संदेश अजून फिरतात. न्यायालयाने तो प्रश्न ठरवायला घेतलाच नव्हता. प्रश्न एवढाच होता की असं बोलल्याबद्दल फौजदारी शिक्षा द्यावी का.

१४. इस्रायलने मान्यता का दिली नाही? त्यांना तर कळायला हवं.

हा प्रश्न ज्यू इतिहासकारांनीच त्यांच्या सरकारला सर्वांत कळकळीने विचारला आहे. आधी तुर्कस्तानशी मैत्री, मग आर्मेनियाचा शत्रू असलेल्या अझरबैजानकडून तेल आणि त्याला शस्त्रविक्री, ही कारणं. तुर्कस्तानशी भांडण झालं की क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, विषय निघतो, भांडण निवळलं की बासनात जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये नेतन्याहू यांनी एका मुलाखतीत, विचारल्यावर, आपण मान्यता देतो असं म्हटलं. मुलाखतीतलं वाक्य आणि क्नेसेटचा ठराव यांतला फरक प्रश्न ४ मध्ये आहे.

१५. देश जर आपल्या सोयीने मान्यता देत असतील, तर तिला किंमत काय?

या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न हाच. तारखा शेजारी ठेवून बघितल्या की खंत वाटते. अमेरिकी काँग्रेसचा ठराव सीरियातल्या कारवाईनंतर तीन आठवड्यांत. सीरियाची मान्यता फेब्रुवारी २०२० मध्ये, सीरियातल्या इदलिबमध्ये तुर्की आणि सीरियन सैन्य समोरासमोर असताना. स्वतःच्या नागरिकांवर बॉम्ब टाकणाऱ्या असद सरकारने ती दिली. १९१५ मध्ये मेलेल्यांविषयी या वर्षांत नवीन असं काही कळलं नव्हतं. बदलले होते ते तुर्कस्तानशी संबंध.

तरी किंमत आहे असं मी म्हणतो. ज्यांच्या आजीने वाळवंटात भावंडं गमावली, त्यांना ठराव का झाला यापेक्षा तो झाला याचं मोल जास्त असतं, हे परागंदा कुटुंबांच्या आठवणी वाचताना पुन्हा पुन्हा जाणवतं. शिवाय एकदा नाव दिलं गेलं की शाळेच्या पुस्तकात धडा येतो, स्मारक उभं राहतं, विद्यापीठात संशोधनाला पैसा मिळतो. हेतू अशुद्ध असला तरी हे फळ खरं असतं. माझा आक्षेप आहे तो भांडणात वापरायला म्हणून मान्यता राखून ठेवण्याला. तिची धमकी देता येते म्हटल्यावर मैत्रीच्या बदल्यात ती विकताही येते, आणि मृतांचा सौदा होतो.

१६. 'आज आर्मेनियनांबद्दल कोण बोलतं?' हे हिटलरचं वाक्य खरं आहे का?

पोलंडवरच्या हल्ल्याआधी, २२ ऑगस्ट १९३९ रोजी सेनाधिकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाच्या एका टिपणात ते आहे. त्याच भाषणाच्या इतर टिपणांत नाही. न्यूरेम्बर्गच्या खटल्यात ते टिपण पुराव्यात घेतलं गेलं नाही. बरेच इतिहासकार ते विश्वासार्ह मानतात, काही मानत नाहीत. १९१५ सिद्ध करायला या वाक्याची गरज नाही, म्हणून वादात ते पुढे करू नका. समोरचा त्यावरच अडून बसतो.

१७. बळी फक्त आर्मेनियनच होते का?

नाही. असिरियन ख्रिस्ती आणि अनातोलियातले ग्रीकही मोठ्या संख्येने मारले गेले. असिरियन लोक त्याला 'सैफो', म्हणजे तलवार, म्हणतात. स्वीडनच्या ठरावात तिन्ही समूहांची नावं आहेत, बहुतेक ठरावांत नाहीत.

१८. भारताची भूमिका काय? मुंबई-पुण्याशी याचा काही संबंध आहे का?

भारताने औपचारिक मान्यता दिलेली नाही. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी एप्रिल २०१७ मध्ये आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये येरेवानच्या स्मारकाला भेट दिली, पण 'वंशसंहार' हा शब्द सरकारी भूमिकेत आलेला नाही. तुर्कस्तान संयुक्त राष्ट्रांत काश्मीरचा मुद्दा काढतो तेव्हा समाजमाध्यमांवर 'आता आपणही मान्यता द्या' अशी मागणी उसळते. भारताने मान्यता द्यावी असं मलाही वाटतं. पण बदला म्हणून देऊ नये. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

संबंध जुना आहे. मुंबईत फोर्ट भागात आर्मेनियन चर्च आजही उभं आहे. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं. खिलाफत समितीची स्थापना १९१९ मध्ये मुंबईत झाली. ऑटोमन साम्राज्याचे तुकडे करणाऱ्या ज्या सेव्हर कराराला खिलाफत चळवळीने कडाडून विरोध केला, त्याच करारात स्वतंत्र आर्मेनियाला मान्यता होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत खिलाफतीचा धडा असतो, पण त्या नाण्याची ही बाजू येत नाही. ती यायला हवी. आणि आजचा धागा: आर्मेनियाने भारताकडून घेतलेली पिनाका रॉकेट प्रणाली पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्थेत विकसित झालेली आहे.

१९. आर्मेनियन दहशतवाद्यांनी तुर्की मुत्सद्द्यांना मारलं, आणि आता आर्मेनियाच मागणी सोडतो आहे, हे खरं का?

पहिलं खरं आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत 'असाला' या आर्मेनियन सशस्त्र संघटनेने आणि इतर गटांनी तीसहून अधिक तुर्की मुत्सद्दी आणि त्यांचे नातेवाईक मारले. १९८३ मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर बॉम्ब फुटला. १९१५ शी काही संबंध नसलेली माणसं मेली. त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

दुसरं अर्धं खरं आहे. आर्मेनियाच्या १९९० च्या स्वातंत्र्य घोषणेत आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशातून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरं सोडून निघाले. तुर्कस्तानची सीमा १९९३ पासून बंद. अशा कोंडीत पंतप्रधान पाशिन्यान यांनी २०२५ मध्ये मान्यता मिळवणं ही सध्या परराष्ट्र धोरणातली प्राथमिकता नसल्याचं सांगितलं. परदेशातल्या आर्मेनियनांना तो विश्वासघात वाटला. फ्रान्स-अमेरिकेत सुरक्षित बसलेल्यांनी आणि सीमेवर राहणाऱ्यांनी एकच हिशेब करावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

२०. तुर्कस्तानात राहून याबद्दल बोललं तर काय होतं?

काळानुसार वेगवेगळं. दंडसंहितेच्या कलम ३०१ खाली 'तुर्कत्वाचा अपमान' केल्याचे खटले भरले गेले. कादंबरीकार ओरहान पामुक आणि एलिफ शफाक यांच्यावरही, जरी ते टिकले नाहीत. दुसरीकडे डिसेंबर २००८ मध्ये तुर्की विचारवंतांनी आर्मेनियनांची क्षमा मागणारं निवेदन काढलं आणि हजारो सामान्य तुर्कांनी त्यावर सह्या केल्या. २०१० पासून काही वर्षं इस्तंबूलमध्ये २४ एप्रिलला जाहीर स्मरणसभा झाल्या. २०१४ मध्ये एर्दोआन यांनी मृतांच्या नातवंडांना सहवेदना कळवल्या. नंतर वारं फिरलं.

या सगळ्यात माझ्या मनात राहतात ते ह्रांट डिंक. इस्तंबूलचे आर्मेनियन पत्रकार, 'आगोस' साप्ताहिकाचे संपादक. ते वंशसंहार झाला असं तुर्कस्तानात उघड बोलायचे आणि आर्मेनियन अस्मितेवरच्या लेखमालेतल्या मजकुराबद्दल त्यांना २००५ मध्ये कलम ३०१ खाली सहा महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. पण २००६ मध्ये फ्रान्समध्ये इन्काराला गुन्हा ठरवायचं विधेयक आलं, तेव्हा आपण फ्रान्सला जाऊन मुद्दाम तो कायदा मोडू, असं त्यांनी जाहीर केलं. परदेशी संसदांपेक्षा आपल्या तुर्की शेजाऱ्याने हे समजून घ्यावं, यासाठी त्यांची धडपड होती.

१९ जानेवारी २००७ रोजी 'आगोस'च्या कार्यालयासमोर, भर रस्त्यात, एका अल्पवयीन तुर्की राष्ट्रवाद्याने त्यांना गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेत एक लाखाच्या आसपास लोक चालले, त्यात बहुसंख्य तुर्क होते, आणि हातांत फलक होते: आम्ही सगळे ह्रांट डिंक, आम्ही सगळे आर्मेनियन. सप्टेंबर २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की पोलिसांना कटाची माहिती असूनही तुर्कस्तानने त्यांच्या जिवाचं रक्षण केलं नाही, आणि त्यांना शिक्षा सुनावून त्यांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्यही हिरावून घेतलं होतं.